दिवाळे जेट्टीवर तुटलेला रॉड : एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढायच्या आधी वाचला आणि मग शटर तासभर तसंच राहिलं. तुमचं म्हणणं असं : आमच्या दुकानातून घेतलेला मासेमारीचा नवा रॉड नवी मुंबईतल्या दिवाळे जेट्टीवर तिसऱ्याच फेकीला तुटला. तुकडे घेऊन आलात तर ‘हे वॉरंटीत बसत नाही’ एवढ्यावर तुमची बोळवण झाली. खरेदीच्या दिवशी आम्ही दीडपट किमतीचा कडक रॉड तुमच्या गळ्यात मारायला बघत होतो. आणि बास माशासाठीच्या जिगमधलं, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या, रबरी झालरीच्या गळामधलं, आम्हाला ओ की ठो कळत नाही.

पहिल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे. तिसरी मला मान्य नाही. चौथीबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण हल्ली बरेच जण परदेशातून आलेले जिग घेऊन येतात आणि हीच अडचण त्यांनाही येणार आहे.

रागाच्या भरात तुम्ही दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवून गेलात, ते मी जपून ठेवलेत. मुठीच्या वर, ब्लँकवर (रॉडच्या मूळ कांडीवर) बारीक अक्षरांत छापलंय : ७ फूट, मीडियम हेवी (हा कडकपणा), लुअर म्हणजे नकली आमिष ७ ते २८ ग्रॅम, दोरी १० ते २० पाऊंड. तुमच्या फोटोतल्या जिगच्या डब्यावर १ औंस दिसतं. औंस म्हणजे २८ ग्रॅमला थोडं जास्त. आमच्या दुकानातल्या पोरानं मनात हिशोब केला, २८ ला २८, बसतंय, आणि रॉड बांधून दिला. काल रात्री मी आमच्याकडचा त्याच मापाचा जिग काट्यावर ठेवला. शिशाचं डोकं, जाड गळ, रबरी झालर सगळं धरून ३१ ग्रॅम भरला. तुमच्या फोटोत त्याच्यामागे रबरी खेकडा लावलेला आहे, तसला खेकडा ९ ग्रॅमचा. झाले ४०. म्हणजे रॉडच्या मर्यादेच्या जवळजवळ दीडपट वजन घेऊन तुम्ही पूर्ण जोरात फेक मारलीत. फेकताना रॉड मागे नेऊन झटक्यात पुढे आणला की त्या क्षणी ताण नुसत्या वजनाच्या कितीतरी पट वाढतो. कार्बनचा ब्लँक वाकतो तोवर वाकतो, पुढे एकदम जातो. बांबूसारखा आधी कुरकुरून इशारा देत नाही.

हा हिशोब करणं तुमचं काम नव्हतं, आमचं होतं. कंपनीची वॉरंटी जादा वजनाला लागू होत नाही हे खरं असलं, तरी तो रॉड कंपनीनं तुम्हाला निवडून दिला नव्हता, आम्ही दिला होता. त्यामुळे पूर्ण पैसे परत, नाहीतर योग्य रॉड, आणि वरचा फरक आमच्याकडून. बिल हरवलं असेल तरी चालेल, वहीत नोंद आहे. पोराला मी ओरडलो नाही. त्याला हे नीट शिकवायला मीच कमी पडलो.

आता कडक रॉडबद्दल. त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला ७ फूट ३ इंचांचा हेवी रॉड दाखवला होता, लुअर १४ ते ५६ ग्रॅमवाला. तुम्ही म्हणालात, अमेरिकेतले लोक व्हिडिओत जिगसाठी मीडियम हेवीच सांगतात. ते चुकीचं सांगत नाहीत. पाव ते अर्ध्या औंसाचा जिग असेल तर मीडियम हेवीच हातात घ्यावा, मीही तोच देतो. पण पाऊण औंस, एक औंस, त्यात मागे खेकडा म्हटलं की हेवी लागतो. शिवाय हे हेवी, मीडियम हेवी शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मापानं छापते. एकाचा मीडियम हेवी दुसऱ्याच्या हेवीइतका कडक निघतो. म्हणून शब्द सोडा, ग्रॅमचा आकडा वाचा. तोही शेवटच्या टोकापर्यंत ताणू नका. ४० ग्रॅम फेकायचे तर ५० च्या पुढे जाणारा रॉड घ्या.

मी त्या दिवशी ‘हा घ्या, हा बरा’ एवढंच बोललो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. कारण न सांगता महाग वस्तू पुढे केली, तर माणसाला विक्रीचीच शंका येणार. ते कारण आता सांगतो.

बास मी कधी धरलेला नाही. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा, तळ्यातल्या गवतात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दबा धरून बसणारा. त्याचा जिग त्या जागेसाठीच बनवलाय. गळाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा ब्रश असतो, तो फांदीवर आपटला की गळ अडकत नाही. आपल्या खाडीतला जिताडा किंवा तांबोशी तिवरांच्या मुळांत आणि कालवं लागलेल्या दगडांत बसतात, म्हणून तो जिग इथेही चांगला चालतो. पण मासा तोंडात घेतो तेव्हा काय होतं बघा. आधी तो ब्रश दबला पाहिजे, मग जाड तारेचा एकच गळ कडक जबड्यात रुतला पाहिजे. पातळ तारेचा तीन टोकांचा गळ असता तर माशानं नुसतं ओढल्यावरही टोचला असता. इथे झटका मनगटातून थेट गळापर्यंत पोचावा लागतो. मऊ रॉड तो झटका स्वतःच्या वाकण्यात खाऊन टाकतो. आणि लागलेला मासा पहिल्या दोन सेकंदांत मुळांत शिरतो, त्याला तिथून उपसून काढायलाही रॉडच्या मधल्या भागात जोर लागतो.

पण कडक म्हणजे टोकापर्यंत काठी नव्हे. वाकण्याची जागा ही वेगळी गोष्ट, तिला ॲक्शन म्हणतात. जिगला फास्ट ॲक्शन हवी, म्हणजे वरचा साधारण पाव भाग वाकेल आणि खाली ताठ राहील. जिग तळावर सरकवत आणतो, तेव्हा दगड, चिखल आणि माशाची टिचकी यांतला फरक त्या टोकातूनच बोटाला कळतो. लांबी ७ ते साडेसात फूट पुरते. अमेरिकेत बहुतेक एका तुकड्याचे वापरतात, ते गाडीत टाकून नेतात. आपल्याला ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीतून न्यायचा असतो, तर दोन तुकड्यांचा घ्या. जोड घट्ट बसलाय ना, एवढं दर अर्ध्या तासाला बघा. जोड सैल झाला की रॉड तिथून जातो.

तुम्ही ५० पाऊंडांची ब्रेडेड दोरी लावली होती. मुळांतून मासा काढायला ती योग्यच आहे. पण ती फारशी ताणत नाही आणि सहज तुटतही नाही, मग सगळा भार रॉडवर येतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्यावरचा ब्रेक, पूर्ण आवळून ठेवू नका. आणि जिग दगडात अडकला तर रॉड उंच करून हिसके देऊ नका, रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, दोरी लाकडाला दोन वेढे मारून मागे चाला. उघड्या हाताला तर कधीच गुंडाळू नका, बोट कापतं. स्पिनिंग रीलवर ४० ग्रॅम फेकतानाही तर्जनीला पट्टी किंवा रबरी टोपी हवी. हे मी तुमच्या अंगावर दोष ढकलायला लिहीत नाही, तुमचा रॉड फेकताना गेला आणि वजनानंच गेला. पण नवा रॉड याच दोरीनं वापराल म्हणून सांगितलं.

माझे वडील ठाण्याच्या खाडीत पाग टाकायचे. कुठल्याही जाळ्याची किंमत सांगायच्या आधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, ‘टाकणार कुठं?’ तुम्हाला आम्ही हा प्रश्न विचारला नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

आजपासून काउंटरवर काटा ठेवलाय. जो रॉड घ्यायला येईल त्याचा सगळ्यात जड लुअर, मागच्या रबरासकट, आधी काट्यावर जाईल. मग दुकानाबाहेर गल्लीत उभं राहून रॉड आडवा धरायचा, तोच लुअर टोकाला टांगायचा. टोक किंचित झुकलं तर ठीक, मान टाकली तर तो रॉड परत फळीवर. त्यानंतर दोरी सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवून अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली जमिनीवरून हळूच उचलायची, रॉड कुठून वाकतो ते गिऱ्हाइकानं स्वतः बघायचं. दहा मिनिटं जातील. रविवारी गर्दीत पंधरा.

तुमच्या त्या मीडियम हेवीसारखाच नवा हवा असेल तर तोही देईन, अर्ध्या औंसापर्यंतच्या जिगला तो छान आहे. मात्र औंसाचे जिग त्याला लावू नका.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी सकाळी ११ ते रात्री ९ मी असतो. दुपारी या, गर्दी कमी असते. तुमच्या मेहुण्यांनी परदेशातून पाठवलेला जिगचा पूर्ण डबा आणि तुमचं रील घेऊन या, रॉड त्यावरच लावून बघू.