जीन्सवर चढवा म्हणे स्की पँट!

'गुलमर्ग-औलीला जाताय? स्की पँट घेण्याआधी हे वाचाच' अशा मथळ्याचा एक मेसेज थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या ताईपर्यंत पोचला. भाचा जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला चाललाय. ताईने मेसेज मला ढकलला आणि खाली लिहिलं, 'बघ, थर्मल नकोच म्हणतात. वाचले पैसे.' तिला फोनवर सांगून झालं, पण मेसेज फिरतोच आहे, म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेजचं म्हणणं असं: पँट घ्यायची तर कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंना चेन असलेली, म्हणजे फुल साइड-झिपच घ्या, कारण चॅम्पियन लोक तीच घालतात. ती थेट जीन्सवर चढते, आत दुसरं काही लागत नाही. १०,००० एमएम लिहिलेली पँट महाबळेश्वरचे दोन पावसाळे झेलते. चेन अडकली तर खोबरेल तेल लावा. पँट दोन साइझ मोठी घ्या.

आधी जीन्सचं बघू. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे वाया जातील, या एकाने पोरगं आजारी पडेल.

हे लिहिणाऱ्याने नवशिक्याचा पहिला दिवस पाहिलेलाच नसावा. नवशिक्याला कोणी गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये बसवून गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या माथ्यावर नेत नाही. तो खालच्या हलक्या उतारावर पायातल्या स्की उताराला आडव्या ठेवून पावलापावलाने वर चढतो, जेमतेम दहा-पंधरा मीटर घसरतो, बुडावर आपटतो, उठतो, पुन्हा चढतो. त्या चढण्याने सपाटून घाम येतो. बाहेरून पाण्याचा एक थेंब आत आला नाही तरी जीन्स आतून ओली होते. सुती कापड भिजलं की धाग्यांमधली हवा जाऊन तिथे पाणी बसतं, आणि पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. चढताना हे कळत नाही. आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभं राहायचं असतं ना, तेव्हा मांड्या बधिर व्हायला लागतात.

शिवाय बूट. स्कीचा बूट म्हणजे नडगी झाकणारं कडक प्लास्टिकचं कवच. त्यात पाय आणि एक पातळ लांब मोजा, एवढंच जायला हवं. थर्मलची कडसुद्धा बुटाच्या वर ओढून घ्यायची असते. आता तिथे जीन्सची जाड दुहेरी शिवण कोंबून बघा. स्कीइंग करायचं म्हणजे नडगी बुटाच्या पुढच्या भागावर रेलून उभं राहायचं, आणि तिथेच ती शिवण रुतते. संध्याकाळी बूट काढला की नडगीवर शिवणीचा लालभडक वळ. बरं, जीन्स बुटाबाहेर ठेवली तर तिचा बोळा होतो, पँटच्या आत बुटावर घट्ट बसणारी इलॅस्टिकची पट्टी वर सरकते आणि बर्फ सरळ आत. पँटचं मुख्य काम वारा आणि ओल अडवणं. ऊब आतल्या थराची, म्हणजे पॉलिएस्टरच्या किंवा मेरिनो लोकरीच्या थर्मलची. अस्तर भरलेली पँट असली तरी अंगालगत सुती काही नको.

आता महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे दोन पावसाळ्यांचा गुणाकार कोणीतरी मन लावून केलेला दिसतो. पण पँटवरच्या आकड्याचा पावसाच्या मोजमापाशी काही संबंध नाही. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा घट्ट पकडतात, त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात, आणि कापडातून तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. त्या क्षणी दाब किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा होता, तो हा आकडा. १०,००० एमएम म्हणजे दहा मीटर उंच स्तंभाचा दाब. त्याचा उपयोग कळतो तो ओल्या बर्फावर बसताना आणि गुडघा टेकताना, कारण अंगाचं वजन तिथेच पाणी कापडात दाबतं.

यातली खरी मेख मेसेजने सांगितलेलीच नाही. ही चाचणी कापडाची आहे, चेनची नाही. फुल साइड-झिपमध्ये दोन्ही पायांना मिळून जवळजवळ दोन मीटर चेन येते, आणि तीही नेमकी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नवशिक्या आडवा पडतो. 'वॉटरप्रूफ झिप' असं लेबल वाचून हुरळून जाऊ नका. चेन बनवणारी जगातली सगळ्यात नावाजलेली कंपनी वायकेके. तिची पॉलियुरेथेनचा थर दिलेली अ‍ॅक्वागार्ड चेन महागड्या जॅकेटांवर दिसते. ती पाणी परतवणारी आहे, जलरोधक नाही, असं खुद्द वायकेकेच सांगते. बनवणारा जे छातीठोकपणे म्हणत नाही ते आपण कशाला म्हणायचं? साइड-झिप घेतलीच तर चेनच्या मागे आतून कापडाची रुंद पट्टी आहे का, ते उलटून बघा. नसेल तर ती पँट कितीही हजारांची असो, ओल आत येणार.

चॅम्पियन लोक फुल साइड-झिप घालतात, हे मात्र खरं. नाइलाजाने मान्य. पण कधी? शर्यतीआधी ऊब टिकवायला. सुरुवातीच्या रेषेपाशी पोचले की बूट, स्की पायात तशाच ठेवून दोन्ही चेना खसकन उघडतात आणि पँट बाजूला. शर्यतीत ती अंगावर नसतेच! काश्मीरमधल्या टंगमर्गचा भारतीय स्कीपटू आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतींत उतरला तो अंगाला चिकटलेल्या रेसिंग सूटमध्ये. म्हणजे बूट न काढता पँट घालता-काढता येणं ही सोय अस्सल आहे आणि ज्याला ती लागते त्याला दुसरं काही चालत नाही. रेसिंगचा सराव करणारी मुलं, दिवसभर उतारावर उभे असणारे प्रशिक्षक, स्की पायात घालून डोंगर चढणारे, यांनी जरूर घ्यावी. सकाळी हॉटेलात पँट चढवून संध्याकाळी उतरवणाऱ्याने त्या दोन मीटर चेनचे पैसे, वजन आणि कटकट कशासाठी विकत घ्यायची?

खोबरेल तेलाबद्दल काय बोलावं! पुण्यात डिसेंबरमध्ये तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि हे महाशय ते शून्याखाली चेनला चोपडायला सांगतात. २४ अंशांच्या आसपासच ते थिजायला लागतं. चेनच्या दातांत पांढरा गोळा बसेल आणि रनर, म्हणजे चेन लावताना सरकवतो तो तुकडा, जागचा हलणार नाही. निघण्याआधी घरीच कोरड्या चेनवर साधी मेणबत्ती घासावी. उतारावर अडकली तर तळहाताच्या उबेने बर्फ सुटू द्यावा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ तिथेच गोठते.

दोन साइझ मोठी पँट घेतली तर खालचा घोळ स्कीच्या धारदार कडेखाली येऊन फाटतो. आतल्या घोट्यापाशी जाड कापडाचं ठिगळ असतं ते या कडेसाठीच. उकिडवं बसल्यावर गुडघ्यात आणि मागे ताण येत नाही एवढी सैल पुरे.

भाच्यासाठी साधी पँट घेतली, मांडीला हवेपुरती छोटी चेन असलेली, आणि दोन थर्मल. ज्यांना फुल साइड-झिपच हवी असेल त्यांनी प्रत्येक बाजूला दोन रनर आहेत ना, ते बघावं, म्हणजे वर-खाली बंद ठेवून फक्त मांडीपाशी हवा घेता येते. कमरेला चेनशिवाय भक्कम बटण किंवा वेल्क्रो हवंच, नाहीतर रनर सरकला की पँट खाली. आणि दुकानातच जाड हातमोजे घालून ती पूर्ण उघडून परत लावून बघा, दुकानदार हसला तरी.