किल्लीने ठोसा मारायच्या आधी जरा ऐका

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरला, "प्रत्येक मुलीला पाठवा"वाला. त्यात काय, तर रस्त्यात कोणी अडवलं की किल्ल्या बोटांच्या फटीत धरून ठोसा मारा, जांघेत गुडघा घाला की तो आडवाच, पर्समध्ये मिरची स्प्रे ठेवा, चाकू दिसला तर मनगट पिरगाळून काढून घ्या, आणि कलम २३३ खाली तुम्ही त्याला ठार मारलंत तरी गुन्हा नाही. शेजारच्या काकूंनी तो आईला पाठवला, आईने मला, खाली लिहिलं "तू ज्युडो शिकलीस ना, बरोबर आहे का गं हे?" आई, नाहीये. तुला एकटीला सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी किल्ल्या. तशा धरून उशीवर एक ठोसा मारून बघा, उशीवरच हं, भिंतीवर नको. किल्ली फिरते आणि तिचं मागचं टोक आपल्याच तळहातात रुततं. शिवाय सवय नसताना कोणाच्या कवटीवर मूठ हाणली की करंगळीच्या मागचं हाड मोडू शकतं, त्याला चक्क बॉक्सर्स फ्रॅक्चर असं नाव आहे. मारायची वेळ आलीच तर तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग वापरा, तो सहसा मोडत नाही. किल्ली हातात असावीच, पण गेटचं कुलूप पटकन उघडायला.

गुडघ्याचं अगदीच खोटं नाही, लागला तर दुखतंच. पण तो माणूस तुमच्या टाइमिंगने उभा राहत नाही, त्याच्याही अंगात अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं, दारू असेल तर विचारूच नका, आणि बऱ्याच जणांना दुखणं काही सेकंद उशिरा कळतं. ते काही सेकंद पळायचे असतात, आडवा झाला का ते बघत बसायचे नसतात. त्यात चप्पल आणि पावसातले ओले पेव्हर ब्लॉक, एक पाय उचलला की आपणच खाली. ज्युडोत पहिले कित्येक आठवडे आम्हाला नुसतं पडायला शिकवलं, हनुवटी छातीला, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. तेव्हा कंटाळा यायचा. पण रस्त्यावरच्या मारामारीत माणूस जातो तो कितीतरी वेळा ठोशाने नाही, पडून डोकं आपटल्याने. हे त्या मेसेजमध्ये एका ओळीतही नाही.

स्प्रे चांगली वस्तू आहे, पण पर्सच्या तळाशी डबा, छत्री, पॉवर बँकच्या खाली असेल तर नसल्यासारखीच. एक्सपायरी डेट असते, ती बघा. आणि वारा आपल्या पाठीमागून हवा! वाशीच्या खाडीपुलावर वाऱ्याकडे तोंड करून मारलात तर अर्धा आपल्याच डोळ्यात.

चाकूवर मात्र मला खरंच राग येतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे लायनीत उभ्या अडीच रिक्षा. एवढ्या वेळात कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायलाही पोलिसाला जेमतेम जमतं, आणि आपण रीलमध्ये बघितलेलं मनगट पिरगाळणार? मॅटवर खडू लावलेला रबरी चाकू घेऊन सर हळू यायचे, तरी दहातल्या सहा-सात वेळा माझ्या हातावर खडूची रेघ उठायची. फोन मागतोय, फोन द्या. चेन मागतोय, चेन द्या. हातात न देता जरा बाजूला फेका आणि उलट्या दिशेने पळा.

आता कलम २३३. जुन्या आयपीसीत ते कलम खोटी नाणी पाडायची हत्यारं बनवण्याबद्दल होतं, स्वसंरक्षणाशी काडीचा संबंध नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा वेळी हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ संरक्षण देतं, आणि ते बाईलाच नाही, कोणालाही. पण कलम ३७ म्हणतं गरजेपेक्षा जास्त इजा नाही. म्हणजे तो पळायला लागल्यावर मागे धावून डोक्यात दगड घातलात तर आरोपी तुम्ही.

आणि हे सगळं अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाबद्दलच का असतं? माझं आयुष्यात एकच भांडण हातघाईवर आलं, ते भर दुपारी, ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला. माझ्या स्कूटीचं हँडल एका गाडीच्या आरशाला घासलं, तो उतरला, शिव्या, मीही तोंड सोडलं, त्याने माझ्या गाडीची चावी काढून घेतली. आठ वर्षं ज्युडो केलेली मी, आणि हात असे थरथरत होते की हेल्मेटचा पट्टा सुटेना. शेवटी दोन पावलं मागे सरकले, दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले आणि मोठ्याने म्हटलं, "दादा, चुकलं माझं, चावी द्या." मग शेजारच्या रिक्षावाल्याकडे बघून, "ओ पांढरा शर्ट काका, इकडे या ना जरा." ते आले, आणि त्याने चावी बोनेटवर टाकली. नुसतं "वाचवा" ओरडले असते तर सगळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं असतं. घरी आल्यावर मात्र दोन दिवस जळफळाट, माफी का मागितली म्हणून, अजूनही कधीकधी होतो.

तर आई, काकूंना सांग मदतीचा ११२ नंबर सेव्ह करा, ट्रेनमध्ये असाल तर रेल्वेचा १३९. आणि फोनमधलं एसओएस, म्हणजे संकटात घरच्यांना कळवायची सोय, चालू आहे का ते आत्ता उघडून बघ. काल तुझ्या फोनमध्ये मी बघितलं तर तिथे माझा कॉलेजमधला नंबर होता, तो बंद होऊन सहा वर्षं झाली.