धंदा काय लिहू?

पाचशे रुपये गेले त्याचं एवढं काही नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर. आधी राग आहे तो याचा, की गेल्या मंगळवारी कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, माझ्या आयुष्यात काय काय घडलेलं नाही ते निदान अकरा अनोळखी माणसांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं.

झालं असं, की पुण्यातल्या एका कंपनीत मला नोकरी लागली. मी बीई मेकॅनिकल, आणि कामात लोखंडाचा स्क्रूसुद्धा नाही, पण लागली. मागोमाग एचआर मॅडमचा मेल: ऑगस्ट 2022 ते डिसेंबर 2024 या काळात गॅप दिसतो, तरी स्टॅम्प पेपरवर गॅप ॲफिडेव्हिट, म्हणजे त्या मोकळ्या काळाचं प्रतिज्ञापत्र, करून पाठवा, मराठीत चालेल.

स्टॅम्पवाल्याला म्हटलं, "शंभरचा द्या." त्यानं चष्म्यावरून बघितलं. "शंभरचा बंद झाला की. ऑक्टोबर 2024 पासनं कमीत कमी पाचशे." दोन वर्षं रोज पहाटे उठून मी चालू घडामोडी पाठ केल्या होत्या. नेमकी हीच हुकली.

टायपिंगवाल्या अण्णांचं टेबल झाडाच्या बुंध्याला टेकवलेलं. टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर, खाली बॅटरी, आणि शेजारी रेक्झिनच्या कव्हरात झाकलेला जुना टाइपरायटर, त्याच्यावर जेवणाचा डबा. अण्णांचा हात त्या टाइपरायटरवर बसलेला असल्यामुळे लॅपटॉपची बटणंही ते अशी हाणतात, की अक्षर खालच्या तिसऱ्या कार्बन कॉपीपर्यंत उमटलंच पाहिजे. आणि जे टाइप करतील ते तोंडानं म्हणतात. स्वल्पविरामासकट.

"मी खाली सही करणार, स्वल्पविराम, वय?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षे, स्वल्पविराम, धंदा?"

मी गप्प.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि उत्तर तयार होतं: कंडक्टर. एसटीच्या कंडक्टरकडे काय नव्हतं? पत्र्याची पेटी, तीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, खटखट वाजणारा पंच, चामड्याची पिशवी आणि दोरी. ती दोरी एकदा ओढली की अख्खी गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. एवढी सत्ता नंतर मी कुठल्याच पोस्टच्या जाहिरातीत वाचली नाही, उपजिल्हाधिकारी धरून. आमच्या पडवीतल्या वाळत घालायच्या दोरीला ओढून ओढून मी आजीची लुगडी मातीत पाडायचो. मग तिकिटाचं मशीन आलं. पेटी गेली, पंच गेला, आणि माझं पहिलं करिअर मी पाचवीत जायच्या आत बुडालं.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. दहावीला 91 टक्के पडल्यावर आमच्याकडे मुलाला विचारत नाहीत, कळवतात. सायन्स कळवलं. बारावीनंतर इंजिनिअरिंग कळवलं. मेकॅनिकल कुणी ठरवलं ते आजतागायत उघड झालेलं नाही. ऑप्शन फॉर्म वडील आणि मामा दोघांनी मिळून सायबर कॅफेत भरला आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. 2021 ची आमची बॅच. शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकलं मोबाईलवर झाली, इंजिन तिकडे सुरू आणि इकडे रेंज बंद. कॅम्पसला ज्या कंपन्या आल्या त्यांना सगळ्यांना कोडिंग येणारी मुलं हवी होती. शेवटी वर्षभर एका वर्कशॉपात बारा हजारांवर नट मोजले आणि मग एमपीएससी.

"अण्णा, शिक्षण लिहा," मी म्हटलं.

अण्णांची बोटं थांबली. "शिक्षण चालू हाय?"

"म्हणजे, अभ्यास करत होतो ना."

"शिक्षण चालू आसंल तर ग्याप कसला?"

याला उत्तर नव्हतं. "मग नोकरी लिहा."

"लागलाय?"

"हे दिल्यावर लागणार."

"म्हंजे न्हाई. बेरोजगार लिव्हू?"

आता बाकावरची मंडळी सरसावली. वारसाच्या कामाला आलेले एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "बेरोजगार नका लिव्हू वो, पोरगं लग्नाचं दिसतंय." लग्नानंतर नाव बदलायला आलेली एक बाई मान हलवून म्हणाली, "ते कागद पुढं कुठं कुठं निघतात, सांगता येत नाही." आजोबांनी विचारलं, "रान हाय का?"

"आजोबांच्या नावावर आहे. अकरा गुंठे."

"झालं की मग!"

"धंदा, शेती," अण्णांनी हाणलं. "सगळे त्येच लिव्हत्यात. वकीलसुदीक."

मी त्या अकरा गुंठ्यांत शेवटचा गेलो होतो तो रील काढायला.

"आता सांगा, ह्या काळात काय केलं?"

"एमपीएससीचा अभ्यास."

"पास?"

"दोनदा प्रिलिम निघाली होती."

"म्हंजे नापास. त्ये न्हाई लिहिता येत." आणि अण्णांनी एका दमात सुरू केलं, "सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही, स्वल्पविराम, कोठेही नोकरी केलेली नाही, स्वल्पविराम, कोणताही व्यवसाय केलेला नाही, स्वल्पविराम..."

आता इथं मला हसू येत नाही, तेव्हाही आलं नाही. सकाळी सातला अभ्यासिकेची खुर्ची गाठायची आणि रात्री अकराला सोडायची, असे दोन वर्षं चार महिने. मेसची आमटी इतकी पातळ, की ताटात आपलं तोंड दिसायचं, आणि ते बघवायचं नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्याय निवडायची न राहता लेखी, वर्णनात्मक होणार असं 2022 मध्ये जाहीर झालं, म्हणून नवीन पुस्तकं घेतली. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि 2023 मध्ये ठरलं, आता नको, 2025 पासून. नवीन पुस्तकं माळ्यावर टाकली, जुनी रद्दीवाल्याकडून परत आणली; त्यानं माझ्याच पुस्तकाचे माझ्याकडून दुप्पट घेतले. मध्येच तलाठी भरती निघाली. 4,644 जागा, दहा लाखांवर अर्ज, फी हजार रुपये. निकाल लागला तेव्हा नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे गुण एका मापात बसवताना, 200 पैकी 214 गुणसुद्धा निघाले. मी दोनशेच्या आत लिहायचा मूर्खपणा केलेला, त्यामुळे राहिलो. वडिलांनी दर महिन्याच्या तीन तारखेला आठ हजार टाकले, एकदाही विचारलं नाही. आणि ह्या सगळ्याचं मराठी काय, तर 'कोणताही व्यवसाय केलेला नाही, स्वल्पविराम'. मी जन्मात इतकं राबलो नव्हतो, आणि पाचशे रुपये देऊन शपथेवर सांगत होतो की मी काही केलं नाही.

"...तसेच कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो, पूर्णविराम."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोन वर्सं मोकळा, आन् त्ये पन न्हाई?"

बाक हसला. बाईनं तोंडाला पदर लावला. मीही हसलो, कारण न हसता तिथं उभं राहण्याची काही सोय नव्हती.

खोटं निघाल्यास भारतीय दंडविधानाच्या कुठल्या कुठल्या कलमांनी मी शिक्षेस पात्र राहीन, हेही शेवटी होतं. म्हटलं, "अण्णा, 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली. दंडविधान गेलं." दोन वर्षांच्या अभ्यासाचा हा एकमेव व्यवहारी उपयोग. अण्णा म्हणाले, "फार्म्याट जुना हाय, पर कुनी वाचत न्हाई." टायपिंगचे दीडशे घेतले, नोटरीचे वेगळे. निघताना आजोबा म्हणाले, "पोरा, पुढच्या बारीला कंडक्टरचा फारम भर. सरकारी नोकरी हाय." वीस वर्षं फिरून गाडी पहिल्या स्टॉपवर आली होती.

कुणी वाचत नाही म्हणे. शुक्रवारी एचआर मॅडमचा फोन. "सर, डॉक्युमेंट मिळालं. पण यात तुमचा व्यवसाय शेती लिहिलाय."

"ते असंच लिहितात, मॅडम."

"पण मग तो गॅप होत नाही ना सर? तो सेल्फ एम्प्लॉयमेंट होतो, आणि खाली लिहिलंय की कोणताही व्यवसाय केलेला नाही. सिस्टिममध्ये मिसमॅच येतोय. एक तर नवीन ॲफिडेव्हिट द्या, नाहीतर शेतीचं रिलीव्हिंग लेटर लावा."

"शेतीचं रिलीव्हिंग लेटर?"

"हो सर. म्हणजे तिथून तुम्ही मोकळे झालात असं कुणाचं तरी पत्र."

नवीन म्हणजे परत पाचशे, परत दीडशे, परत तो बाक. म्हणून संध्याकाळी चुलत्यांकडे गेलो. ते अकरा गुंठे तेच कसतात. मोटारीचा फ्यूज बसवत होते. सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "देतो की. आधी मला कोन देतंय का बघ."