रुपया आणि डॉलर एकास एक कधीच नव्हते

डॉलर जरा वर चढला किंवा पंधरा ऑगस्ट जवळ आला, की बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर तो मजकूर हमखास फिरू लागतो. तिरंग्याच्या चित्राखाली चार ओळी असतात. १९१७ साली एका रुपयाला १३ डॉलर मिळत. १९४७ साली देशावर परकीय कर्ज नव्हतं म्हणून एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. पुढे पुढाऱ्यांनी रुपया खाल्ला. तो पुन्हा एकास एक झाला की स्वस्ताईच स्वस्ताई. यातल्या पहिल्या दोन ओळी साफ खोट्या आहेत, तिसरीत थोडं तथ्य आहे आणि चौथी आपल्याच पोटावर पाय आणणारी आहे.

आधी १९४७. तेव्हा रुपयाची डॉलरशी थेट गाठच नव्हती, तो पौंडाला बांधलेला होता. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स ठरला (पौंडात २४० पेन्स असत), म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. स्वातंत्र्याच्या वेळीही तोच चालू होता. पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार केला की डॉलरला सुमारे ३ रुपये ३१ पैसे येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर १९४६ मध्ये जाहीर केलेला रुपयाचा अधिकृत दरही हाच होता.

आणि ‘कर्ज नव्हतं म्हणून’ हे कारण तर भलतंच. महायुद्धात पुरवलेल्या मालापोटी ब्रिटनच आपल्याला शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होतं. आपण सावकार होतो, तरी दर ३.३१ च.

आता १९१७ चे १३ डॉलर. १८९८ पासून पौंडाला १५ रुपये हा दर चालत आला होता. युद्धात चांदी महागल्याने १९१७ च्या सुमारास रुपया जरासा वर सरकला, इतकंच. रुपयाला १३ डॉलर असते, तर १५ रुपयांचा पौंड १९५ डॉलरचा झाला असता. प्रत्यक्षात तो पाच डॉलरचाही नव्हता. म्हणजे त्या वर्षी डॉलरला साधारण तीन रुपये पडत. हा १३ चा आकडा बहुधा पुढच्या काळातल्या ‘पौंडाला तेरा रुपये’ यातून कुणीतरी उचलून डॉलरला चिकटवला असावा.

त्याहून मागे गेलं तरी एकास एक सापडत नाही. घरात आजीचा राणीछाप रुपया असेल तर हातात घेऊन बघा. तो बरोबर एक तोळ्याचा, १८० ग्रेनचा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरमध्ये शुद्ध चांदी होती ३७१.२५ ग्रेन. दोन्ही नाणी आटवली असती तरी एका डॉलरमधून सव्वादोन रुपयांची चांदी निघाली असती. इथे कुठल्या सरकारचा काय संबंध?

मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र वेगळाच आहे. रुपया १६ पेन्सचा असावा की १८ पेन्सचा, यावरून विसाच्या दशकात देशभर रान उठलं होतं. दोन पेन्सांचा प्रश्न! चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्स सुचवले, तर आयोगाचेच सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १६ पेन्ससाठी भिन्नमत नोंदवलं. डॉ. आंबेडकरांनी तर रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्येच अख्खा ग्रंथ लिहिला होता. १९२५ साली ते आपल्या निपाणीत बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेला आले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी या आयोगापुढे साक्षही दिली. रुपया डॉलरच्या बरोबरीचा असता, तर ही सगळी माणसं दोन पेन्सांवरून कशाला भांडत बसली असती?

जाता जाता एक सांगतो. एकास एक दर आपल्या भागाने खरंच पाहिला आहे, पण तो डॉलरचा नव्हे. कॅसलरॉकच्या पुढे गोव्याची पोर्तुगीज हद्द लागायची. तिथला रुपिया आपल्या रुपयाच्या बरोबरीने चाले. १९५८-५९ मध्ये पोर्तुगिजांनी एका रुपियाला सहा एस्कुदो या हिशेबाने नवं चलन आणलं, आणि गोवा मुक्त झाल्यावर तेही गेलं.

‘पुढाऱ्यांनी खाल्ला’ यात तथ्य एवढंच, की महागाई आणि तूट आटोक्यात न ठेवल्याची किंमत रुपयाने मोजली. पण ही घसरण रोज उठून झालेली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, म्हणजे त्याचा अधिकृत दर उतरवला, त्यामागोमाग आपणही रुपयाचं केलं आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. तो पुढे जवळपास सतरा वर्षं हललाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात ढकललं गेलं, त्या दिवशीही दर ४.७६ च होता. मग दोन युद्धं, दुष्काळ, मदत देणाऱ्यांचा दबाव, आणि ६ जून १९६६ ला थेट ७.५०. जुलै १९९१ मध्ये तिजोरीत जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. सोनं गहाण पडलं, आणि तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं. १९९३ पासून दर मुख्यतः बाजारात ठरतो, रिझर्व्ह बँक अधूनमधून हात घालते.

राहिली स्वस्ताई. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीचा ८,५०० रुपयांचा माल परदेशी जातो असं धरा. डॉलर ८५ रुपयांचा असेल तर गिऱ्हाइकाला तो शंभर डॉलरला पडतो. उद्या एकाएकी एकास एक केलं तर त्याच मालाचे ८,५०० डॉलर मागावे लागतील. कोण घेईल? पेट्रोल आणि मोबाइल स्वस्त होतील खरे, पण ते घ्यायला पगार कुठून येणार, हे मजकुरात लिहिलेलं नसतं. आणि आकडा मोठा म्हणजे देश गरीब, हेही खरं नाही. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मोजावे लागत, आणि जपान वर आला तो याच वर्षांत.