तीन गावं सांगणारा माणूस

जून 2018. तेव्हा आम्ही नाशिकला राहत होतो, लेक पहिलीत होती. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की मुलं पळवणारी टोळी आली आहे, साधू-भिकाऱ्यांच्या वेशात फिरतात. पूर्ण वाचायच्या आधीच मी तो आणखी तीन ग्रुपवर टाकला.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या गेटपाशी एक माणूस आला. खांद्याला झोळी, कपाळाला भस्म, हातात छोटं डमरू. खेळणाऱ्या एका मुलाला त्याने विचारलं, "बाळा, आई हाय का घरात?" तेवढं पुरलं. वॉचमन धावला, वरून चौघं-पाचजण उतरले, मीही उतरले. "कुठला रे तू?" तो म्हणाला, पंढरपूरकडचा. कुणीतरी आवाज चढवल्यावर म्हणाला, मंगळवेढा. आधार कार्ड मागितल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडता सोडता म्हणाला, सोलापूर. त्याचे हात थरथरत होते. "बघा, तीन तीन गावं सांगतोय!" हे वाक्य माझं होतं.

त्याला हाकलून दिलं. "जातो ताई" म्हणाला आणि गेला.

मग 1 जुलैची बातमी आली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. ते नाव वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

तेव्हा कळलं, आमच्या गेटवरच्या माणसाची तिन्ही उत्तरं खरी असू शकतात. गाव मंगळवेढा तालुक्यात, जिल्हा सोलापूर, आणि नाशिकच्या माणसाला खेड्याचं नाव कळणार नाही म्हणून जवळचं मोठं ठिकाण पंढरपूर. मलाही पुण्यात कुणी विचारलं तर मी आधी नाशिक म्हणते, मग निफाड, मग गाव. मला कुणी खोटारडी म्हणत नाही, कारण मला घेरून कुणी विचारत नाही.

इतक्या वर्षांत मी या एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते. घाबरलेला माणूस अडखळतो, उत्तर बदलतो, नजर चुकवतो, वाट मिळाली तर पळतो. आणि नेमकी हीच चोराची लक्षणं म्हणून आपल्या डोक्यात बसलेली आहेत. आपण त्याला भीती घालतो आणि मग तीच भीती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरतो. त्यात त्याची बोली वेगळी, कपडे वेगळे. प्रत्येक उत्तराने तो आणखी अडकत जातो.

फिरस्त्यांच्या बाबतीत तर संशय आधीपासूनच तयार असतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. हजेऱ्या लावल्या, सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वस्ती करून ठेवली. तो कायदा 1952 साली गेला. डवरी गोसावी म्हणजे भैरवनाथाच्या नावाने दारोदार भिक्षा मागत हिंडणारी माणसं. पण आज पाल ठोकून राहणारा कुणीही दिसला की आपण आधी दाराची कडी तपासतो.

राईनपाड्यानंतर आमच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं माहीत आहे? "अडाणी आदिवासी, दुसरं काय करणार." मी तेव्हाही गप्प बसले. राईनपाड्यासारख्या भिल्ल-कोकणा आदिवासी वस्त्यांनी बाहेरच्या लोकांकडून काय काय सोसलंय, बाहेरून येणाऱ्याची त्यांना धास्ती का वाटते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एका अनोळखी समाजाबद्दल चुकीचं मत करून आठवडा झाला नव्हता, तर आम्ही दुसऱ्याबद्दल ते केलं. आणि ती अफवा पसरवणाऱ्यांत मी होते, पदवीधर, दोन भाषांत वर्तमानपत्र वाचणारी.

पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. चांगलं झालं. पण मी तर तीनच ग्रुपवर टाकला होता. आणि एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनच्या रात्री पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच अफवेपायी मारले गेले. अंत्यविधीसाठी सुरतेला निघाली होती ती माणसं.

राईनपाड्याच्याच रात्री मालेगावातही हीच अफवा पेटली होती. परभणीकडचं पाचजणांचं कुटुंब जमावाच्या हाती सापडलं, सोबत दोन वर्षांचं मूल. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर शेकडो लोक होते. पोलीस आले, तर त्यांच्या गाडीवरही जमाव तुटून पडला. ते कुटुंब वाचलं. दार उघडणाऱ्याला त्यांचं गाव, जात, नाव यातलं काय ठाऊक असणार? बाहेरच्या जमावाला होतं तेवढंच.