‘दम्याचं घराणं’ म्हणून स्थळ मोडण्याआधी

लग्नसराई आली की सोलापुरातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘दमा रक्तातून येतो. आईबापांना असेल तर मुलांना होणारच. घरात कुणाला नसेल तर भीती नाही. सोयरिकीआधी जनुकांची तपासणी करून घ्या.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचीही खपतात.

जुळ्यांच्या अभ्यासांत दम्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो, हे खरं. पण येतं काय, ते पाहा. फिलॅग्रिन नावाच्या जनुकातला बिघाड इसबाशी जोडलेला आहे, हे २००६ साली कळलं. या बिघाडाने कातडीची वीण सैल पडते, बाहेरचं नको ते आत शिरतं, इसब होतो, आणि अशा काही मुलांना पुढे दमा गाठतो. आईबापांनी दिली ती सैल वीण. दमा ही पुढची गोष्ट.

‘होणारच’? एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांतही एकाला दमा असतो, दुसऱ्याला नसतो. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन समाज युरोपातून आलेले, जनुकांनी जवळचे. तरी शाळकरी मुलांत दमा आमिशांकडे सुमारे ५ टक्के, हटराइटांकडे २१. आमिशांचा गोठा घराला लागून, मुलं तान्हेपणापासून त्यात वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांवरची. (म्हणून उद्या कुणी हॉलमध्ये म्हैस बांधू नका.)

मला खरा राग येतो तो ‘घरात नसेल तर भीती नाही’ याचा. निदान यंत्रमागांच्या या गावात तरी हे म्हणू नये. कामाच्या जागेच्या धुळीने होणारा दमा वंशावळ विचारत नाही. सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने तर वेगळाच आजार होतो, बिसिनोसिस. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. विडी वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसतात, ते वेगळंच. आणि आजोबा मागावर, बाप मागावर, नातू मागाच्या खडखडाटात अभ्यासाला, अशा घरात तिघांना धाप लागली की आपण लगेच रक्ताला दोष देतो. तिघांचं रक्त एक, तसं छप्परही एकच ना?

तपासणीचं थोडक्यात: दम्याचं एक असं जनुक नाही. दम्याशी जोडलेल्या शंभराहून जास्त जागा जनुकांच्या पसाऱ्यात सापडल्यात, एकेकीचा परिणाम चिमूटभर. आईला दमा होता का, लहानपणी इसब होता का, सकाळी शिंकांची सर येते का, हे फुकटचे प्रश्न जास्त सांगतात.

मुलीच्या आईला दमा म्हणून स्थळ नाकारणाऱ्या आमच्या एका मावशींनी परवा हाच मेसेज मला पाठवला. मी विचारलं, ‘मावशी, तुमच्याकडे माग कुठे चालतात हो?’

‘झोपायच्या खोलीला लागूनच की,’ त्यांनी लिहिलं.