युरोपने आफ्रिकी संगीतकारांना घडवले, या दाव्याचा प्रतिवाद

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात माइन नदीकाठी वसलेल्या व्यूर्त्सबुर्ग शहरात १९८९ मध्ये सुरू झालेला आफ्रिका महोत्सव, आफ्रिकी संगीत आणि संस्कृतीला वाहिलेल्या युरोपीय महोत्सवांपैकी सर्वांत जुन्या आणि मोठ्या महोत्सवांत गणला जातो. तेथील, पॅरिसलगतच्या आफ्रिकोलोरमधील किंवा लिव्हरपूलच्या आफ्रिका ओयेमधील मैफलींच्या चित्रफिती आपल्याकडेही आवडीने पाहिल्या जातात, आणि अशा चित्रफितींसोबत एक ठरावीक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा: आफ्रिकेचे संगीत म्हणजे मुख्यतः ढोल, आणि ते हजारो वर्षे जसेच्या तसे राहिले आहे, हे कलाकार काही शिकलेले नसतात, लय त्यांच्या रक्तातच असते, ज्यांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार दिसते त्यांनी गोऱ्या श्रोत्यांसाठी आपली परंपरा सोडली आहे, या साऱ्यांना त्यांच्या देशात कोणी ओळखत नव्हते, युरोपने त्यांना शोधले, आणि युरोपने त्यांच्यासाठी आपली दारे सताड उघडी ठेवली आहेत.

हा मजकूर द्वेषातून लिहिलेला नाही. तो कौतुकाच्या सुरात लिहिला जातो, म्हणूनच विचार न करता पुढे पाठवला जातो. पण त्या कौतुकात कलाकाराची मेहनत, त्याचे गुरू, त्याचे शहर आणि त्याचा श्रोता, सगळेच पुसले जाते. त्यामुळे त्यातील प्रत्येक विधान वेगळे घेऊन तपासणे मला आवश्यक वाटते.

ढोलाचे विधान पहिले. पश्चिम आफ्रिकेतील कोरा हे वाद्य पाहावे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेल्या या वाद्याला २१ तारा असतात आणि ते दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी अशा फक्त चार बोटांनी वाजवतात. अंगठे खर्जातील आवर्तन सांभाळतात, तर्जनी त्यावर स्वरांची नक्षी काढतात, आणि बहुतेक वेळा वादक त्याच वेळी गातही असतो. कोऱ्याच्या शेजारी लाकडी पट्ट्यांचा बालाफोन आहे, झिंबाब्वेतील शोना लोकांचा धातूच्या पट्ट्यांचा म्बिरा आहे. ही सारी स्वरवाद्ये आहेत आणि त्यांच्या सुरावटी गुंतागुंतीच्या आहेत.

‘हजारो वर्षे जसेच्या तसे’ हेही टिकत नाही. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क याच्या १७९९ च्या प्रवासवर्णनात कोऱ्याचा उल्लेख येतो, म्हणजे वाद्य जुने खरेच; पण तेव्हापासून ते बदलत आले आहे. पूर्वी त्याच्या तारा कातड्याच्या बारीक पट्ट्यांपासून करत, आज त्या नायलॉनच्या असतात. सूर लावण्यासाठी दांड्यावर कातड्याची वेटोळी सरकवावी लागत. आता अनेक वादक त्याऐवजी गिटारच्या खुंट्या बसवतात. हे बदल वादकांनी आपल्या सोयीसाठी आणि सुराच्या नेमकेपणासाठी केले. ज्या वाद्याचे कारागीर इतके जागरूक आहेत, त्याला गोठलेली परंपरा म्हणणे हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

‘रक्तातली लय’ हे विधान मला सर्वांत अधिक खटकते, कारण ते वरवर गौरवाचे वाटते आणि प्रत्यक्षात शिक्षणच नाकारते. माली, गिनी, सेनेगल आणि गॅम्बिया या देशांतील मांदिंका व त्यांच्याशी संबंधित समाजांत जेली नावाचा वंशपरंपरागत गायक-वादकांचा वर्ग आहे. कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांतील घराणी. राजवंशांच्या वंशावळ्या, युद्धांच्या कथा, स्तुतिगीते आणि त्यांसाठीची वादनपद्धती हे सारे लहानपणापासून वर्षानुवर्षे घोटून घ्यावे लागते. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण घराण्यात जन्मलेल्या मुलालाही पहाटे उठून रियाज चुकत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मालीचे तुमानी दियाबाते यांचे वडील सिदिकी हे स्वतः कोऱ्याचे थोर वादक होते; तरीही तुमानी यांनी मुख्यतः ऐकून आणि स्वतः हात चालवून वादन आत्मसात केले, आणि २०२४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी या वाद्याच्या एकल वादनाला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. जन्माने दार उघडते, पण स्वर जन्माने लागत नाही.

जिथे जन्माने दार बंदच होते, तिथली उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. सलिफ केइता यांचा जन्म १९४९ मध्ये मालीतील जोलिबा गावी, सुंदियाता केइता या सम्राटाचा वारसा सांगणाऱ्या कुळात झाला. त्या कुळाने गाणे ऐकायचे, गायचे नाही, अशी रीत होती. त्यात त्यांच्या त्वचेत रंगद्रव्य नसल्यामुळे आणि दृष्टी अधू असल्यामुळे शिक्षक होण्याची वाटही बंद झाली. ते गायक झाले ते आपल्या समाजाचा रोष पत्करून. झिंबाब्वेच्या स्टेला चिवेशे १९६० च्या दशकात म्बिरा शिकू लागल्या, तेव्हा एकीकडे मिशनऱ्यांनी हे वाद्य पाखंडाचे ठरवले होते आणि दुसरीकडे स्त्रीने ते वाजवणे समाजाला मान्य नव्हते. शिकवायला कोणी तयार होईना. अखेर नात्यातील एका वृद्ध आजोबांनी त्यांना शिकवले. पुढे त्यांनी जर्मनीसह अनेक देशांच्या मंचांवर वादन केले. कोरा ही तर पुरुषांचीच मक्तेदारी होती. लंडनमध्ये जन्मलेल्या, गॅम्बियातील जेली कुटुंबाच्या सोना जोबार्ते यांनी ती मोडली आणि गॅम्बियात मुलांसाठी शाळाही काढली. या तिघांपैकी कोणाच्याही वाटचालीचे श्रेय रक्ताला देता येईल काय?

ढोलवादकांच्या बाबतीतही हेच आहे. जेंबे हे वाद्य आज जगभर शिकवले जाते, ते मुख्यतः गिनीच्या नृत्यनाट्य मंडळींमुळे. फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये १९५० च्या दशकात उभी केलेली मंडळी १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर राष्ट्रीय संस्था झाली. ममादी केइता हे जेंबेवादक किशोरवयात निवड चाचणीतून सरकारी जोलिबा नृत्यमंडळीत दाखल झाले, तेथील अत्यंत कठोर तालमीतून गेले आणि नंतर ब्रुसेल्समध्ये त्यांनी स्वतःची शाळा सुरू केली. म्हणजे युरोपने त्यांना शिकवले नाही. त्यांनी युरोपला शिकवले. या सरकारी व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीने कलावंतांना पगार दिले, पण त्याच राजवटीने फोदेबा केइता यांना १९६९ मध्ये बोइरो छावणीत ठार केले.

तिसरे विधान इलेक्ट्रिक गिटारचे. गिटार ही युरोपीय श्रोत्यांच्या आग्रहामुळे आफ्रिकेत आलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावर ती खलाशांबरोबर आली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घाना व नायजेरियात तिच्यावर हायलाइफ ही नृत्यसंगीताची शैली उभी राहिली. १९३० च्या दशकापासून क्यूबातील संगीताच्या ध्वनिमुद्रिका काँगोत पोहोचल्या. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी ज्याच्या लयी घडवल्या होत्या, ते संगीत असे परत घरी आले आणि किन्शासा व ब्राझाव्हिलमध्ये त्यातून काँगोली रुंबा जन्मला. फ्रांको यांच्या ओके जाझसारख्या वाद्यवृंदांनी तो नाचघरांत रुजवला, ऐकणारेही तिथलेच होते. हा रुंबा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. झिंबाब्वेत थॉमस मापफुमो यांच्या वाद्यवृंदाने म्बिराच्या पट्ट्यांवरील आवर्तने गिटारवर उतरवली आणि त्या गाण्यांनी गोऱ्यांच्या राजवटीविरुद्धच्या लढ्याला बळ दिले. त्यापायी मापफुमो यांना कैदही भोगावी लागली. अशा संगीताला ‘गोऱ्यांसाठी केलेले’ म्हणणे वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे.

या देवाणघेवाणीत मुंबईचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. झांझिबार आणि मोंबासा येथील तारब गायनात अरबी वाद्यवृंदाबरोबर हिंदी चित्रपटसंगीताचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. मोंबासाचे जुमा भालो हे तर हिंदी चित्रपटांच्या चालींवर स्वाहिली काव्य गाण्यासाठी प्रसिद्ध होते. त्या चाली त्यांनी युरोपीय महोत्सवासाठी उचलल्या नव्हत्या, मोंबासातील लग्नांसाठी उचलल्या होत्या.

मुंबईचा उल्लेख चौथ्या विधानाकडे नेतो, कारण झांझिबारच्या सिती बिंती साद यांनी १९२८ मध्ये आपल्या स्वाहिली गाण्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका केल्या त्या मुंबईत येऊन. त्या ध्वनिमुद्रिका पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकल्या गेल्या आणि एका गरीब घरातील स्त्री त्या किनाऱ्यावरची सर्वांत प्रसिद्ध गायिका झाली. युरोपने कोणाला शोधण्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेत ध्वनिमुद्रिकांचा बाजार होता, नभोवाणी होती, नाचघरे होती आणि पैसे मोजणारा श्रोता होता.

महोत्सवही होते. डाकार येथे १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या कलांचा जागतिक महोत्सव भरला, अल्जीअर्स येथे १९६९ मध्ये अखिल आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सव झाला आणि लागोस येथे १९७७ मध्ये जगभरातील हजारो कलावंत एकत्र आले. व्यूर्त्सबुर्गचा महोत्सव सुरू होण्यापूर्वीचे हे सारे आहे. बामाकोत १९७० मध्ये रेल्वेच्या आश्रयाने रेल बँड हा वाद्यवृंद उभा राहिला. तो स्थानकावरच्या हॉटेलात वाजवत असे. सलिफ केइता आणि मोरी कांते हे दोघेही त्यातून पुढे आले. मोरी कांते यांच्या ‘येके येके’ या गाण्याने १९८८ मध्ये युरोपातील लोकप्रियतेच्या याद्या गाजवल्या, पण तोपर्यंत ते पश्चिम आफ्रिकेत सुमारे दीड दशक नावाजलेले होते. सेनेगलचे युसू न्दूर यांची गोष्टही तीच: डाकारच्या रात्रींतील नाचघरांनी त्यांचे म्बालाख हे नृत्यसंगीत घडवले, आणि २०१२ मध्ये ते देशाचे सांस्कृतिक मंत्री झाले. ज्याला घरी कोणी ओळखत नाही, त्याला मंत्रिपद मिळत नाही.

या मुद्द्यात खरे असलेला भाग मात्र मी नाकारत नाही. केप व्हर्देच्या सेझारिया एव्होरा मिंदेलो शहरात तरुणपणी नावाजल्या होत्या, पण नंतर दहाएक वर्षे त्यांनी गाणे जवळपास सोडले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांचा आवाज फ्रान्समधून जगासमोर आला, १९९२ च्या ‘मिस पर्फुमादु’ने त्या विख्यात झाल्या, आणि हे पॅरिसमधील ध्वनिमुद्रण व्यवस्थेशिवाय झाले नसते. पण त्यांना तेथे नेणारे जोझे दा सिल्वा हे मूळचे केप व्हर्देचेच, आणि आधी ऐकणारे श्रोतेही मोठ्या प्रमाणात युरोपात राबणारे केप व्हर्देचे स्थलांतरित होते. आफ्रिकोलोरसारख्या महोत्सवाची पाळेमुळेही पॅरिसच्या उपनगरांत राहणाऱ्या मालीच्या कामगारांपर्यंत जातात. ‘युरोपने शोधले’ या वाक्यात हा स्थलांतरित श्रोता कुठेच दिसत नाही, आणि मला हीच त्यातील मोठी चूक वाटते.

राहिले उघड्या दारांचे विधान. महोत्सवाचे निमंत्रण म्हणजे प्रवेश नव्हे. शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस ९० युरो झाले आहे, आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. दहा जणांच्या वाद्यवृंदाला एका दौऱ्यासाठी केवळ अर्जापोटीच ९०० युरो भरावे लागतात. त्याशिवाय बँकेची खाती, निश्चित उत्पन्नाचे पुरावे आणि मायदेशी परतण्याची खात्री दाखवावी लागते, आणि लग्न-बारशांत गाऊन जगणाऱ्या जेलीकडे अशी कागदपत्रे क्वचितच असतात. काही देशांत संबंधित वकिलात व्हिसाचे कामच करत नाही, त्यामुळे मुलाखतीसाठी शेजारच्या देशात जावे लागते. गैरप्रकार घडले नाहीत असे नाही: काँगोचे विख्यात गायक पापा वेंबा यांना वाद्यवृंदाच्या नावाखाली इतरांना फ्रान्समध्ये आणल्याबद्दल २००४ मध्ये तेथील न्यायालयाने दोषी ठरवले होते. पण एका खटल्याची सावली प्रत्येक वादकाच्या अर्जावर पडावी, हे न्याय्य नाही.

युरोपात पोहोचलेला आफ्रिकी कलाकार तेथे केवळ घेणारा पाहुणा असतो, हेही खरे नाही. मिरियम मकेबा यांचा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने १९६० मध्ये रद्द केला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या इटलीतील कास्तेल व्होल्तुर्नो येथे गाण्यासाठी गेल्या. दोनच महिन्यांपूर्वी तेथे संघटित गुन्हेगारांच्या टोळीने सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या होत्या, आणि मैफल त्या टोळ्यांविरुद्ध लिहिणाऱ्या लेखकाच्या समर्थनार्थ होती. गाऊन मंचावरून उतरल्यावर त्या कोसळल्या आणि त्यांचे निधन झाले.

व्हिसाचा परिणाम मंचावर कसा होतो, हे वाद्यवृंदाच्या रचनेवरून कळते. दहा जणांपैकी एकाचा अर्ज फेटाळला आणि तो एकमेव बालाफोनवादक असला, तर आयोजकाला कार्यक्रम बदलावा लागतो किंवा रद्द करावा लागतो, कारण त्या जागी बसवायला तितकाच तयार वादक त्या शहरात मिळेलच असे नसते. चित्रफितीत आपल्याला दिसते ती या चाळणीतून पार पडलेली मैफल; जी मैफल वकिलातीच्या खिडकीपाशीच थांबली, तिची चित्रफीत निघत नाही, म्हणून तिच्याविषयी मजकूरही फिरत नाही.